हुजूर पक्षाच्या मतदाराचा पेच

ब्रिटनच्या हुजूर पक्षाला ४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ६५० पैकी अवघ्या १२१ जागा मिळाल्या. रॉबर्ट पील यांनी १८३४ साली टॅमवर्थचा जाहीरनामा काढून ज्या पक्षाची घडी बसविली, त्याची इतकी दैन्यावस्था त्याच्या साऱ्या इतिहासात कधी झाली नव्हती. १९०६ सालच्या ज्या पराभवाचे दाखले आजवर दिले जात, त्या पराभवातही १५६ जागा हाती राहिल्या होत्या. परंतु जागांच्या आकड्यापेक्षा मतांचा आकडा अधिक बोलका आहे. २०१९ साली या पक्षाला सुमारे १ कोटी ४० लाख मते पडली होती; पाच वर्षांनी ती ६८ लाखांवर आली. पराभव सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतोच. पण निम्म्याहून अधिक अनुयायी पाच वर्षांत पाठ फिरवितात, तेव्हा तो केवळ पराभव राहत नाही. तो एका जुन्या विश्वासाचा भंग असतो.

हा मतदार गेला कोठे, हे पाहू लागले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की तो मजूर पक्षाकडे फारसा गेला नाही. मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या, पण त्याची एकूण मते २०१९ मधील १ कोटी २ लाखांवरून ९७ लाखांवर घसरली होती. हुजूर पक्षाच्या मतदारांनी तीन वाटा धरल्या. दक्षिण इंग्लंडमधील सुखवस्तू परगण्यांतला मतदार लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे वळला. डेव्हिड कॅमेरून यांचा पूर्वीचा विटनी, थेरेसा मे यांचा मेडनहेड आणि बोरिस जॉन्सन यांनी प्रथम ज्या मतदारसंघातून संसद गाठली तो हेन्ली, असे तीन माजी पंतप्रधानांचे बालेकिल्ले एकाच दिवशी या पक्षाने घेतले. चौथ्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस नॉरफकमध्ये ६३० मतांनी पडल्या. दुसरी वाट बंद पडलेल्या खाणींच्या आणि ओस पडत चाललेल्या सागरकाठच्या गावांतली. तेथील मतदार नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाकडे गेला. या पक्षाला ४१ लाख मते मिळाली, जागा मात्र पाचच. तिसरी वाट घरीच बसून राहण्याची. मतदानाचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास राहिले. २००१ नंतर इतका निरुत्साह दिसला नव्हता.

जे उरले त्यांच्यात, आणि जे गेले त्यांच्यातही, एकच वाद तेव्हापासून चालू झाला: या पक्षाला मत देत राहावे की नाही? या वादाकडे समाजवादी कार्यकर्त्याने उपहासाने पाहू नये. मराठी वृत्तपत्रांनी या दोन पक्षांना 'हुजूर' आणि 'मजूर' अशी यमक जुळणारी नावे दिली; ती सोयीची ठरली, पण त्यांनी एक वस्तुस्थिती झाकलीही. हुजुरांच्या एकट्याच्या मतांवर हुजूर पक्ष कधीही राज्यावर आला नसता. डिझरायली यांनी १८६७ साली शहरी कामगाराला मताधिकार दिला, त्यानंतर अनेक पिढ्या कामगारवर्गाची सुमारे एक तृतीयांश मते या पक्षाच्या पदरात पडत आली. अर्थात आज जो संभ्रमात पडला आहे तो केवळ जमीनदार किंवा सट्टेवाला नव्हे. त्यात निवृत्त परिचारिका आहे, छोटा दुकानदार आहे, एकेकाळचा खाणकामगारही आहे.

राहावे म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू. त्यांचा पहिला युक्तिवाद हिशेबाचा आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी ब्रिटनची निवडणूकपद्धती. २०२४ साली हुजूर पक्षाची २३.७ आणि रिफॉर्मची १४.३ टक्के मते मिळून ३८ टक्के होतात; मजूर पक्षाला ३३.७ टक्क्यांवर जवळजवळ दोन तृतीयांश संसद मिळाली. म्हणजे रागाच्या भरात दिलेले मत शत्रूच्याच कामी आले. दुसरा युक्तिवाद निष्ठेचा आहे. पक्ष ही पिढ्यांनी उभी केलेली संस्था असून चार नादान नेत्यांपायी ती मोडू नये. नेते बदलता येतात, संस्था पुन्हा उभारता येत नाही. ही भावना पुराणमतवादाच्या गाभ्यातलीच आहे, आणि तीत एक प्रामाणिकपणाही आहे.

सोडून जावे म्हणणाऱ्यांचे उत्तरही तितकेच सरळ आहे. मत म्हणजे कर्जाचा हप्ता नव्हे, की वडिलांनी भरला म्हणून मुलाने भरतच राहावा. निव्वळ स्थलांतर वर्षाला लाखाच्या खाली आणू, असे वचन पक्षाने २०१० साली दिले. २०२३ च्या जूनअखेर संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले. कर कमी करू म्हणणाऱ्यांच्या राजवटीत करांचा भार गेल्या सत्तर वर्षांतील उच्चांकाकडे सरकत गेला. कायदा व सुव्यवस्थेची शपथ घेणाऱ्या पंतप्रधानालाच साथीच्या काळात स्वतः केलेला नियम मोडल्याबद्दल २०२२ साली पोलिसांनी दंड ठोठावला. चौदा वर्षांत पाच पंतप्रधान झाले. ज्या पक्षाला शिक्षेचे भय उरत नाही तो सुधारत नाही. म्हणून त्याला शिक्षा दिलीच पाहिजे, असे हे मतदार म्हणतात.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. तरीही वाद सुटत नाही, कारण तो चुकीच्या प्रश्नाभोवती फिरतो. पक्ष राखावा की सोडावा, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा: या मतदाराला जे जतन करावयाचे होते ते नष्ट कोणी केले? त्याला आपले गाव, गावातली नदी, मुलांना परवडणारे घर, वेळेवर दार उघडणारा दवाखाना आणि शब्दाला जागणारे सरकार हवे होते. हे मागणे लहान नाही आणि प्रतिगामीही नाही. ते का पुरे झाले नाही याचा शोध घेतला तर व्यक्तींची नावे मागे पडतात आणि एक आर्थिक सिद्धांत पुढे येतो.

नदीचेच उदाहरण घ्यावे. १९८९ साली इंग्लंडमधील पाणीपुरवठा खासगी कंपन्यांना विकण्यात आला. विक्रीच्या वेळी सरकारने या उद्योगाची जुनी देणी माफ केली होती. पुढील तीन दशकांत कंपन्यांनी ६० अब्ज पौंडांहून अधिक कर्ज काढले, त्याच काळात भागधारकांना भरघोस लाभांश वाटले आणि गटारांची डागडुजी मागे पडली. २०२३ या एका वर्षात इंग्लंडच्या नद्यांत व समुद्रात मैल्याचे पाणी सोडले गेले ते एकूण ३६ लाख तास. ज्या परगण्यांत हुजूर पक्षाला मत देणे हा कुळाचार होता, त्याच परगण्यांतील गळ टाकून मासे धरणारे आणि नदीत पोहणारे लोक या प्रश्नावर रस्त्यावर आले. ग्रामीण इंग्लंड जपण्याची प्रतिज्ञा आणि पाणी बाजारात विकण्याचे धोरण, दोन्ही एकाच पक्षाची होती. दोहोंत धोरण जिंकले.

घराची कथाही अशीच आहे. थॅचर सरकारने १९८० च्या कायद्याने म्युनिसिपल घरांतील भाडेकरूंना ती सवलतीच्या दरात विकत घेण्याचा हक्क दिला. ज्यांना घर मिळाले त्यांचे भले झाले, हे समाजवाद्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्वतःच्या दाराला स्वतःच्या आवडीचा रंग देण्यातला आनंद खराच होता. पण विक्रीतून आलेला पैसा नवी घरे बांधण्यासाठी मुक्तपणे वापरण्यास स्थानिक संस्थांना मज्जाव होता. सुमारे २० लाख घरे विकली गेली, तेवढी पुन्हा बांधली गेली नाहीत, आणि विकलेल्यांतील अनेक पुढे खासगी घरमालकांच्या हाती जाऊन चढ्या भाड्याने दिली जाऊ लागली. १९९७ साली इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घराची किंमत सर्वसाधारण वार्षिक कमाईच्या साडेतीनपट होती. २०२३ साली ती आठपटीच्या पुढे गेली. मालमत्ता हाती आली की माणूस हुजूर पक्षाकडे झुकतो, हे या पक्षाचे जुने गणित. मग ज्या पिढीच्या हाती मालमत्ता येऊच दिली नाही, ती कशासाठी झुकावी? २०१९ साली चाळिशीच्या आसपास मतदार मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे वळताना दिसे. २०२४ साली ते वय साठीच्या पलीकडे गेले होते.

सर्वांत दाहक प्रश्न स्थलांतराचा. त्यावर वचनभंग झाला हे निर्विवाद. पण तो का झाला? वृद्धांच्या शुश्रूषेचा खर्च स्थानिक संस्थांवर आणि त्या संस्थांना मिळणाऱ्या अनुदानाला कात्री, अशी स्थिती होती. शुश्रूषागृहांतले वेतन इतके तुटपुंजे राहिले की स्थानिक माणूस तेथे टिकेना, म्हणून २०२२ पासून परदेशी शुश्रूषकांना दार उघडण्यात आले. विद्यापीठांना देशी विद्यार्थ्यांकडून घ्यावयाचे शुल्क २०१७ पासून वर्षाला ९,२५० पौंडांवर गोठविले गेले. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या भारी शुल्कातून भरून निघू लागली. भारतातून गेलेल्या परिचारिका आणि विद्यार्थी यांची संख्या यात मोठी आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक घरांना हा व्यवहार परका नाही. थोडक्यात, स्वस्त श्रम आणि दुसऱ्याच्या खिशातून चालणारे शिक्षण पक्षाला हवे होते, ते पुरविणारी माणसे मात्र नको होती. माणसांवर राग काढणे सोपे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅम येथे आश्रयार्थींच्या निवासावर जमाव चालून गेला. त्या रागाने कोणाचेही वेतन वाढले नाही, कोणतेही शुश्रूषागृह सुधारले नाही.

उरला ट्रस यांचा प्रयोग. २०२२ साली ८१ हजारांहून अधिक पक्षसदस्यांनी त्यांना निवडून दिले. संसदेतील पक्षप्रतिनिधींची पहिली पसंती ऋषी सुनक यांना होती. २३ सप्टेंबर रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. ती भरून कशी काढणार, याचा हिशेब दिला नाही. सरकारी कर्जरोख्यांचे भाव कोसळले. ज्या निवृत्तिवेतन निधींनी याच रोख्यांवर आणखी व्यवहार उभे केले होते, त्यांना तातडीने तारण भरण्यासाठी रोखे विकणे भाग पडले आणि त्या विक्रीने भाव आणखी पडू लागले. पाचव्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडला आवश्यक तर ६५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे खरेदी करण्याची घोषणा करावी लागली. गृहकर्जाचे व्याज सहा टक्क्यांच्या वर गेले. ज्या घरमालक मतदाराच्या नावाने राज्य चालविले जात होते, त्याच्याच हप्त्यावर हा प्रयोग शेकला. बाजारावर ज्यांची श्रद्धा सर्वांत कडवी होती, त्यांना बाजारानेच दीड महिन्यात पायउतार केले.

जुने जपणे आणि बाजाराला मोकळे सोडणे, ही दोन व्रते एकाच वेळी पाळता येत नाहीत. हुजूर पक्षाच्या इतिहासातील मोठ्या फुटी याच ठिकाणी पडल्या आहेत. १८४६ साली पील यांनी धान्यकायदे रद्द करून आयात मोकळी केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य प्रतिनिधी विरोधात गेले, आणि पक्षाला स्वतःचे बहुमत पुन्हा १८७४ साली लाभले. विसाव्या शतकाच्या आरंभी जोसेफ चेंबरलेन यांनी आयातकराची मागणी केली, तेव्हा संरक्षण की खुला व्यापार या वादात पक्ष पुन्हा दुभंगला. १९०६ साली बाल्फोर यांना स्वतःची मँचेस्टरची जागाही राखता आली नाही. २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हा त्या कौलाच्या पोटातही हीच दोन माणसे शेजारी शेजारी उभी होती. एकाला ब्रिटन हे निर्बंधमुक्त व्यापाराचे बंदर करावयाचे होते, दुसऱ्याला आपल्या गावाभोवती कुंपण घालावयाचे होते. एका मतपत्रिकेवर त्यांचे जुळले. एका सरकारात जुळणे शक्य नव्हते.

तर मग नव्या घरात तरी हा मतदार सुखी होईल काय? रिफॉर्मने २०२४ च्या जाहीरनाम्यात प्राप्तिकराची मर्यादा १२,५७० पौंडांवरून २०,००० पौंडांवर नेण्याचे वचन दिले होते. ट्रस यांच्या अर्थसंकल्पाचे फराज यांनी त्या वेळी मुक्तकंठाने कौतुक केले होते. तेच फराज एप्रिल २०२५ मध्ये स्कनथॉर्पचा पोलाद कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा असे म्हणाले, आणि त्याच वर्षाअखेरीस मोठ्या करकपातीच्या वचनापासून त्यांना मागे सरावे लागले. म्हणजे हुजूर पक्षाला जी दुफळी दोन शतकांत पेलली नाही, ती या पक्षाने जन्मतःच पदरी घेतली आहे. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत त्याने ६७७ जागा जिंकल्या, केंट व लिंकनशरसारख्या परगण्यांची सत्ता मिळविली. हुजूर पक्षाला हाती असलेली एकही परिषद राखता आली नाही. पण परगण्याच्या खर्चाचा मोठा वाटा वृद्धांची शुश्रूषा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण यांवर कायद्यानेच बांधलेला असतो. भाषणाने तो कमी होत नाही. घर बदलले, तरी भिंतीतली ओल सोबत आली आहे.

येथवर वाचून समाजवादी वाचकाला समाधान वाटले असेल, तर ते आवरले पाहिजे. कारण या सर्व कथेत सर्वांत विचार करावयास लावणारा आकडा मजूर पक्षाचाच आहे. समोरचा पक्ष कोसळला, आणि तरीही त्याची स्वतःची मते घटली. सत्तेवर येताच जुलै २०२४ मध्ये त्याने सुमारे एक कोटी वृद्धांचे हिवाळ्यातील इंधनसाह्य काढून घेण्याचा निर्णय केला, आणि जून २०२५ मध्ये त्यातला बराच भाग मागे घेतला. जो निवृत्त कामगार आयुष्यात प्रथमच हुजूर पक्ष सोडून घराबाहेर पडला होता, त्याला दुसऱ्या दाराशी पहिले जे ऐकू आले ते हे. आधीच्या सरकारने तिजोरी रिकामी ठेवली होती, हा खुलासा खोटा नव्हता. पण तिजोरी भरताना प्रथम कोणाच्या घरातली ऊब काढून घ्यावयाची, ही निवड अर्थशास्त्राची नसून राजकारणाची असते.

बहकलेला मतदार असे त्याचे वर्णन करून हात झटकणे ही डाव्यांची जुनी खोड आहे. ॲशफील्डच्या ली अँडरसन यांनी दहा वर्षे खाणीत काम केले, ते मजूर पक्षाचे नगरसेवक होते, नंतर हुजूर पक्षाचे खासदार झाले आणि मार्च २०२४ मध्ये रिफॉर्मचे पहिले खासदार ठरले. त्यांची मते समाजवाद्यांना मान्य होण्याजोगी नाहीत, आणि परक्यांविषयीच्या द्वेषाशी तडजोडही होऊ शकत नाही. परंतु एका खाणकामगाराने तीन पक्ष बदलले, तेव्हा त्याच्या चंचलतेची चर्चा करण्याआधी त्याने सोडलेल्या पहिल्या दाराची चर्चा झाली पाहिजे. खाणी बंद पडल्यावर त्या गावांत कामगार संघटना, वाचनालय, क्लब यांची जागा कशाने भरली? कशानेही नाही. ती पोकळी ज्याला प्रथम दिसली त्याने तेथे आपला झेंडा रोवला.

म्हणून हुजूर पक्षाच्या निराश मतदाराला देण्याजोगा सल्ला 'राहा' किंवा 'जा' असा असू शकत नाही. त्याला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: तुझी नदी, तुझे घर, तुझा दवाखाना यांपैकी काय बाजाराच्या हवाली केल्याने वाचले? हा प्रश्न व्यासपीठावरून विचारून चालणार नाही; तो त्याच्या दारात, त्याच्या अडचणीच्या वेळी, त्याच्याबरोबर उभे राहून विचारावा लागेल. सामान्य माणसाला परिचित जग जपावेसे वाटते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सार्वजनिक पाणी, सार्वजनिक घर आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या रक्षणासाठी जो झटतो तोही जपणाराच आहे. ही गोष्ट समाजवाद्यांनी स्वतः ओळखली आणि शांतपणे, वारंवार सांगितली, तर या मतदाराला आपली माणसे कोण हे कळावयास वेळ लागेल, पण कळेल. येथील कार्यकर्त्यांनाही हे ध्यानात ठेवण्याची गरज आहे. प्रतिपक्षाचा मतदार त्या पक्षाला विटला म्हणून तो आपला झाला असे होत नाही. तो केवळ रस्त्यावर आलेला असतो, आणि त्या वेळी त्याच्याशी आपुलकीने बोलणारा पहिला माणूस कोण, यावर पुढचे बरेच काही ठरते.